अष्टमीचं पाणी

सुलक्षणाचा उजवा पाय गुडघ्यापर्यंत चिखलात रुतला, तेव्हा तिकडे घरी तिच्या सासऱ्यांच्या श्राद्धाचं पान वाढून झालं होतं.

पाय ओढून काढला तर चप्पल आतच राहिली. पुढे चालणारा खंडू कोळी मागे वळला. सत्तरीचा माणूस, हाफपँट, उघडे पाय, हातात बांबू. तो हसला आणि म्हणाला, "चपला घालून खाडीत कोन येतंय, बाई? चिखलाला काय तुमच्या पायाची लाज वाटनार हाय?"

तिने दुसरी चप्पलही काढली आणि कमरेच्या ओढणीत खोचली. ऑक्टोबरचं ऊन डोक्यावर होतं. विक्रोळीच्या पूर्वेला, हायवे ओलांडून गोदामांच्या मागे गेलं की तिवरांचं, खारफुटीचं रान लागतं. गाड्यांचा आवाज इथपर्यंत येतो, पण माणूस सहसा येत नाही. येतो तो खंडूसारखा खेकडे, चिंबोऱ्या धरणारा, नाहीतर सुलक्षणासारखी पत्रकार. त्यात तिला नोकरीवर ठेवणारं वर्तमानपत्र नाही की चॅनल नाही. बातमी स्वतः शोधायची, स्वतः लिहायची आणि मग छापणारा शोधायचा.

बांध समोर आला. विटांचे तुकडे, फुटक्या फरश्या, सिमेंटचे गोळे टाकून पुरुषभर उंचीचा रचलेला. नीलाक्ष वेअरहाउसिंग नावाच्या कंपनीने तो दोन वर्षांत ट्रकाट्रकाने घातला होता. बांधाच्या आत अकरा एकर तिवरं होती. खाडीचं पाणी अडलं की तिवर वाळतं, आणि वाळलेल्या तिवराला सरकारी कागदावर तिवर म्हणत नाहीत. महिनाअखेरीला सरकारी समिती ठरवणार होती, की हे अकरा एकर तिवरांच्या यादीत ठेवायचे की काढायचे. एकदा काढले की तिथे गोदाम. खंडूच्या चिंबोऱ्यांचा विषय मग कायमचाच मिटला.

सुलक्षणाने बांधावरून आत फोन रोखला. पिवळी पडलेली पानं, भेगाळलेली जमीन. बाराला दहा मिनिटं कमी होती. तिने चाळीस फोटो काढले. भर दुपारी खाडीच्या कुशीत पाण्याचा टिपूस नाही, हे वाक्य तिच्या डोक्यात तिथेच तयार झालं आणि तिला ते फार आवडलं. स्वतःचं वाक्य आवडलं की समजावं, कुठेतरी माशी शिंकली आहे. पण हे शहाणपण नंतरचं.

फोन वाजत होता. नवऱ्याचा, हर्षदचा. तिसरा मिस्डकॉल. मग तिला पानाची आठवण झाली आणि ती उलट पावली निघाली.

घरी पोचेपर्यंत दोन वाजून गेले. कन्नमवारनगरातल्या त्या दोन खोल्यांत वड्यांचा आणि काळ्या वाटाण्याच्या सांबाऱ्याचा वास भरून राहिला होता. हर्षद फर्स्ट शिफ्ट बदलून घेऊन घरी थांबला होता. तो मान खाली घालून जेवत होता. सासूबाई, विमलाबाई, गच्चीवरून नुकत्याच खाली आल्या होत्या. हातातलं केळीचं पान जसंच्या तसं होतं.

"कावळो शिवाक नाय," त्या म्हणाल्या. "दोन तास उन्हात उभी होतंय."

"आई, मला खरंच..."

"तेंका काय, वाट बघूची सवयच होती. गिरणीत पण आणि घरात पण." त्यांनी सुनेच्या पायांकडे पाहिलं. पिंढऱ्यांवर चिखल वाळून पांढरा झाला होता. "पाय धू. लादी आताच पुसली हा."

बस, एवढंच. मालवणकडच्या तोंडवळीची ही बाई भांडत नसे. ती गप्प बसे, आणि ते भांडणापेक्षा वाईट. सुलक्षणाला रडू आलं नाही, पण ती अर्ध्या जेवणावरून उठली. सासरे जयवंत परुळेकर तिचे फार लाडके होते. तिचा पहिला लेख त्यांनी गिरणीच्या जुन्या दोस्तांना चाळीत फिरून दाखवला होता.

विमलाबाईंचं या कामाशी वाकडं होतं ते गेल्या वर्षापासून. तेव्हाही नीलाक्षवरच लेख होता, एका वेबसाइटवर. चौथ्या दिवशी जाड कागदाचं रजिस्टर पाकीट आलं. विमलाबाईंना वाटलं, कुणाच्या तरी लग्नाची पत्रिका. त्यांनी सही करून ते देवासमोर ठेवलं. उघडल्यावर निघाली बदनामीची नोटीस. वेबसाइटवाल्याने संध्याकाळपर्यंत लेख काढून टाकला आणि संपादकाचा फोन लागेनासा झाला. सुलक्षणाने माफी मागितली नाही, पण नंतर तिचं कुणी छापलंही नाही. एका साप्ताहिकाच्या संपादिकेने मात्र सरळ सांगितलं, "मुलुंडच्या टेकूचं पत्र आण. पत्र असेल तर छापते, आणि छापलेलं काढत नाही."

म्हणून सोमवारी ती मुलुंडला गेली.

टेकू म्हणजे मुलुंड पूर्वेला पिठाच्या गिरणीवरची एक खोली. खालून जात्याची घरघर, टेबलावर पिठाची बारीक साय. सुट्या पत्रकारांचे लेख छापण्याआधी इथे तपासले जात. कायदा बघायला ॲडव्होकेट अस्मिता कर्णिक आणि भाषा बघायला देवव्रत सर, एका दैनिकाचे निवृत्त संपादक. लेख पास झाला की टेकू पत्र देई. त्याचा अर्थ सरळ होता: उद्या नोटीस आली तर ती आमच्या दारावर येऊ दे.

अस्मिताताई पन्नाशीच्या, आवाज खणखणीत. त्यांनी लाकडी पट्टी घेतली, पहिल्या ओळीखाली ठेवली आणि मोठ्याने वाचलं. मग म्हणाल्या, "कशावरून?"

सुलक्षणाने ट्रकांच्या पावत्यांच्या प्रती पुढे केल्या. हिरवी खूण. पट्टी एक ओळ खाली सरकली.

"कशावरून?"

माहितीच्या अधिकारातलं उत्तर. हिरवी खूण.

"कंपनीला प्रश्न पाठवलेस?"

"मेल केला, आणि ऑफिसात प्रत देऊन पोच घेतली. उत्तर नाही आलं."

"शाब्बास. पोच जपून ठेव, लॅमिनेट नको करू. मागच्या पोराने केली. कोर्टात ती सर्टिफिकेटसारखी चमकत होती."

देवव्रत सर खिडकीशी बसून विशेषणं काढत होते. "'निर्लज्ज' गेलं," ते म्हणाले. "'राक्षसी' पण गेलं."

"सर, पण ते आहेतच तसे!"

"असतील ना. पण विशेषणाला साक्षीदार नसतो गं."

दोन तासांत दोन पानं झाली. सुलक्षणाचा घसा सुकला, मानेला रग लागली. नोकरीच्या मुलाखतीतही तिला कुणी इतकं सोललं नव्हतं. पण आत कुठेतरी बरंही वाटत होतं. पहिल्यांदाच कुणीतरी तिचं प्रत्येक वाक्य खरं असावं म्हणून धडपडत होतं.

शेवटी पट्टी त्या वाक्याखाली आली. भर दुपारी खाडीच्या कुशीत पाण्याचा टिपूस नाही.

"कशावरून?"

"फोटो. तीन तारीख, अकरा पन्नास." तिने फोन पुढे केला.

अस्मिताताईंनी फोटो मोठा करून बघितला. हिरवी खूण करायला पेन टेकवलं, पण केली नाही. "फोटो छान आहे. जरा जास्तच छान आहे. उद्या ये."

देवव्रत सरांनी चष्मा काढला. "आणि आमच्याकडचा नियम ऐक. आज घरी जाऊन हा लेख मोठ्याने वाच. जो तुझ्यावर रागावलाय त्याच्यासमोर. प्रेमाचा माणूस चूक सोडून देतो, रागावलेला नाही सोडत. आहे कुणी तसं घरी?"

"आहे ना," सुलक्षणा म्हणाली.

संध्याकाळी विमलाबाई खाली बसून गवार मोडत होत्या. सुलक्षणा समोर बसली, तिनेही मूठभर शेंगा घेतल्या आणि म्हणाली, "आई, एक वाचून दाखवू? माझं काम आहे."

"वाच. कान काय, उघडेच असतत."

तिने वाचलं. ट्रक, पावत्या, नकाशे. विमलाबाईंचा हात थांबला नाही. टिपूस नाहीचं वाक्य आलं तेव्हा थांबला.

"परत वाच ता."

तिने परत वाचलं.

"ह्या खयच्या दिसाचा?"

"शनिवारचं. तीन तारखेचं."

विमलाबाईंनी हातातली शेंग ताटात टाकली. "अगो बाये, तो दिस अष्टमी. ह्येंची तिथ. माझ्या बरा लक्षात असा, तू उशिरा इलंस ता!"

"हो, पण त्याचं..."

"अष्टमीक भर दुपारी खाडयेत पाणी येताच खय? बांध असो नायतर नसो. तिथीची पाऊणपट कर. आठाची पाऊणपट किती?"

"सहा."

"मगे सहा वाजता भरती. सकाळची सहा, सांजची सहा. बारा वाजता काय?" त्यांनी बोट जमिनीवर आपटलं. "सुकती! ठणठणीत सुकती. त्यात अष्टमीचा भांग. भरतीचा पाणी पण ल्हान. ल्हानपणी सुकतीक आमी शिंपले काढूक जात होतंव. ह्या तर तोंडवळीच्या शेंबड्या पोराक पण ठावक."

सुलक्षणाच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. बांधाच्या आत पाणी नव्हतं, खरं. पण त्या वेळी बांधाच्या बाहेरही नव्हतं! म्हणून तर ती चालत गेली होती. तिने खंडूला फोन लावला.

"खंडूकाका, त्या दिवशी ओहोटी होती?"

"म्हंजे काय? होतीच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुमीच बोल्ला, बांधापरेंत चालत जायचंय. चालत न्यायचं तर ओहोटीलाच नेनार ना! भरतीला काय तुमाला पोहत नेऊ?"

चूक खंडूची नव्हती. खाडीकाठी नांदणाऱ्या बाईने फोनमधली वेळ बघितली आणि तिथी बघितली नाही. हा लेख तसाच छापला असता तर कंपनीच्या वकिलाने भरतीचं एक कोष्टक दाखवून तो दोन मिनिटांत निकालात काढला असता. मग त्या पावत्या, ते नकाशे, सगळंच खोटं ठरलं असतं. आणि अकरा एकर गेले असते ते गेलेच.

विमलाबाईंनी तिच्याकडे बघितलं. राग तसाच होता, पण त्यात आता दुसरंही काही मिसळलं होतं. "तोंड कित्याक पाडतंस? शनिवारी अवस. सर्वपित्री. उधाणाचा पाणी, मोठा. तेव्हा जा."

"त्या दिवशी परत पान आहे ना, आई."

"असा तर." विमलाबाई शेंगा गोळा करत म्हणाल्या. "पान घेवन मी पण येतलंय. ह्येंका गच्चीर येवचा नसात तर थंय येतले."

मंगळवारी सुलक्षणाने टेकूत जाऊन सगळं सांगितलं. सांगताना तिची मान खाली होती. देवव्रत सरांनी कपाळावर हात मारला. "चाळीस वर्षं मुंबईत संपादक होतो, आणि समुद्राला कधी विचारलं नाही!" अस्मिताताई मात्र खूश झाल्या. खरंच खूश. "अगं, समोरचा वकील पहिला प्रश्न काय विचारणार होता ते आपल्याला फुकटात कळलं! आता त्याच्याकडे विचारायला काही राहत नाही. शनिवारी मी येते. आणि त्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग."

शनिवारी सकाळी दहाला खंडूच्या होडीत पाच माणसं बसली. हर्षद वल्ह्यावर खंडूच्या जोडीला. अस्मिताताई, सलवार गुडघ्यापर्यंत वर खोचलेली. सुलक्षणाच्या हातात बांबू, त्यावर शिंप्याची टेप चिकटवलेली. आणि मधोमध विमलाबाई, मांडीवर झाकलेलं पान. होडी कलली की त्या पानावर हात ठेवत, स्वतःला सावरत नसत.

वाटेत खंडूचं आणि त्यांचं जुंपलं. विमलाबाईंचं म्हणणं, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. खंडू म्हणे, "त्ये तुमच्या मालवनला, मावशी. इथं खाडी आत हाय. तुमच्याकडं भरतं तवा आमच्याकडं नुस्ती चाहूल. सव्वाबारा." अस्मिताताईंनी दोन्ही वेळा लिहून घेतल्या. कोष्टक त्यांच्या पिशवीत होतं, पण त्यांनी ते काढलं नाही.

"एक ऐका सगळ्यांनी," त्या म्हणाल्या. "बांधावर पाय ठेवायचा नाही. एक पाय जरी पडला तरी ते घुसखोरी म्हणतील. आपण पाण्यातच राहायचं."

साडेदहाला पाणी बांधाच्या पायथ्याशी लागलं. सुलक्षणा दर दहा मिनिटांनी बांबू टाकायची आणि आकडा ओरडायची, अस्मिताताई लिहायच्या. पाठीवर ऊन, खाली पाण्याची तिरीप. तळहाताला बांबूच्या कुसळांनी बारीक चिरा पडल्या आणि खारं पाणी त्यांत चरचरत होतं. पण पाणी चढत होतं. गुडघा, मांडी, कंबर. खालच्या विटा एकेक करून बुडत गेल्या.

अकराच्या सुमाराला सिक्युरिटीवाला धावत आला. तिशीचा, निळा गणवेश, छातीवर नाव, रतन. तो बांधावर उभा राहून ओरडला, "ओ! प्रायव्हेट जागा आहे ही! फोटो अलाउड नाहीत! निघा इकडून!"

सुलक्षणाने फोन घट्ट धरला. गेल्या वर्षी अशाच एकाने तिचा फोन हिसकावून घेतला होता आणि ती मुकाट घरी गेली होती. अस्मिताताईंनी छत्री मिटली.

"दादा, आम्ही होडीत आहोत आणि होडी खाडीत. खाडी तुमच्या कंपनीची आहे असं मला एका कागदावर लिहून द्या. सही करा. मी आत्ता परत जाते."

कागदावर सही करायची म्हटली की भले भले शांत होतात. रतन बांधाच्या आतल्या बाजूला उतरला आणि वायरलेसवर साहेबाला हाका मारत येरझाऱ्या घालू लागला.

पाण्याने होडी हळूहळू वर उचलली. सुरुवातीला बांधापलीकडचं काहीच दिसत नव्हतं. मग रतनची टोपी दिसली, मग खांदे, मग कंबर. बाराला होडी इतकी वर आली की सुलक्षणाला पलीकडची जमीन स्वच्छ दिसली. ती उभी राहिली, हर्षदने तिची कंबर धरली, आणि तिने फोटो काढला. एकाच चौकटीत डावीकडे माणसाच्या छातीएवढ्या पाण्यावर डुलणारं होडीचं टोक, मध्ये बांध, आणि उजवीकडे भेगाळलेल्या कोरड्या जमिनीवर रतनचे पॉलिश केलेले काळे बूट. बुटांवर धूळ होती. ओल म्हणाल तर नखाएवढीही नव्हती.

"बारा सतरा," खंडू म्हणाला. "आता थांबलं."

विमलाबाईंनी कोष्टक मागितलं, डोळ्यांजवळ धरून बघितलं आणि परत दिलं. "बारा अठरा," त्या खंडूला म्हणाल्या. "एक मिनीट चुकलंस."

मग त्यांनी पानावरचं फडकं काढलं आणि पान होडीच्या पुढच्या टोकावर, नाळेवर ठेवलं. वडे, सांबारा, खीर. हात जोडून त्या पुटपुटल्या. सुलक्षणाला ऐकू आलं ते एवढंच, "सून हंयसरच असा. ह्यावेळी वेळेर इली हा."

पलीकडच्या वाळक्या तिवरावरून एक कावळा उडाला, बांध ओलांडून आला, नाळेवर बसला आणि त्याने वडा उचलला. सुलक्षणाला आता मात्र रडू आलं, आणि तिने ते लपवलं नाही. विमलाबाईंनी पदराने आधी तिचे डोळे पुसले, मग तिच्या तळहाताच्या चिरा बघितल्या. "हळद लावूक व्हयी," त्या म्हणाल्या.

सोमवारी लेख परत पट्टीखाली गेला. टिपूस नाहीचं वाक्य गेलं, त्याजागी आकडे आले. भरतीच्या नोंदीखाली दोन जाणकारांची नावं आली आणि दोघांची प्रतिज्ञापत्रं जोडली. विमलाबाईंच्या प्रतिज्ञापत्रात व्यवसायाची ओळ होती. देवव्रत सरांनी तिथे 'गृहिणी' खोडून 'भरती-ओहोटीच्या जाणकार' लिहिलं. विमलाबाईंनी ते दोनदा वाचलं, मग मोठ्या वळणदार अक्षरात सही केली. फोटोवर अस्मिताताई थांबल्या. "रतनचा चेहरा काप. बिचाऱ्याची नोकरी जाईल. आपल्याला बूट पुरे."

पत्र मिळालं. गुरुवारी साप्ताहिकात लेख आला, पहिल्या पानावर, बुटांसकट.

पुढच्या मंगळवारी दोन रजिस्टर पाकिटं आली. विमलाबाईंनी दोन्ही सही करून घेतली. यावेळी देवासमोर ठेवली नाहीत, सरळ सुनेच्या हातात दिली. पहिलं कंपनीच्या वकिलाचं. अस्मिताताई फोनवर म्हणाल्या, "फोटो काढून पाठव. आणि आधी जेवून घे, ती काय पळून जात नाही."

दुसरं पाकीट समितीचं होतं. लेखाची दखल घेऊन समितीने महिनाअखेरचा निर्णय पुढे ढकलला होता आणि ती स्वतः जागा बघायला येणार होती. सुलक्षणाने आनंदाने ओरडतच वाचलं, "येत्या तीन तारखेला, दुपारी बारा वाजता. वेळ कंपनीच्या सोयीनुसार."

विमलाबाईंचा अंगठा बोटांच्या पेरांवर फिरू लागला. "सोमवारी कोजागिरी. थंयसून पाडवो, बीज, तीज..." अंगठा आठव्या पेरावर थांबला. त्यांनी सुनेकडे बघितलं. सुलक्षणानेही बघितलं, आणि दोघी एकदमच हसल्या. कंपनीकडेही पाण्याचं कळणारं कुणीतरी होतं तर.

त्याच दुपारी अस्मिताताईंनी समितीच्या कचेरीत अर्ज दिला आणि पोच घेतली. पाहणी अष्टमीला नको, कोजागिरी पौर्णिमेला दुपारी सव्वाबाराला व्हावी. सोबत कोष्टक, आकडे आणि दोन प्रतिज्ञापत्रं. अर्जावर पहिली सही विमला जयवंत परुळेकर यांची, दुसरी सुनेची. शुक्रवारी मेल आला. विनंती मान्य, सोमवारी सव्वाबारा.

उत्तर टाइप करताना सुलक्षणाने विचारलं, "आई, अजून काही कळवायचंय त्यांना?"

विमलाबाई गवार मोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"साहेबांका सांग, बुटां घालून येव नकात. पाणी येतला."